हेरल्डचा दिवा आणि बोटीवरचं सायबर: जुने अपघात इथे कामाचे आहेत का?

बोसनभाऊ:
सध्या आमच्याकडे सायबर ट्रेनिंगचा सपाटा चालूय, तीच तीच स्लाइड, अनोळखी लिंक उघडू नका वगैरे. मला मात्र सारखी हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ ही फेरी बोट आठवते. ६ मार्च १९८७, बेल्जियमच्या झीब्रुगहून बो डोअर (बोटीच्या नाकाकडचं, गाड्या चढवायचं दार) उघडं ठेवूनच निघाली, १९३ माणसं गेली. दार लावणारा केबिनमध्ये झोपला होता हे सगळ्यांना पाठ असतं, पण ब्रिजवरून (जिथून बोट चालवतात तिथून) ते दार दिसतच नव्हतं आणि पद्धत अशी की कोणी काही बोललं नाही म्हणजे सगळं ठीक. त्या कंपनीच्या मास्टर म्हणजे कप्तान लोकांनी आधीच ब्रिजवर दार उघडं की बंद ते दाखवणारा एक साधा दिवा मागितला होता, ऑफिसने टर उडवली. बुडाल्यावर बाकीच्या बोटींवर तोच दिवा काही दिवसांत बसला! आता सांगा, एकडिसमध्ये (बोटीच्या कॉम्प्युटरवरच्या सागरी नकाशात) काही शिरलं तर तुमच्या ब्रिजवर कळणार कशावरून? आपणही कोणी बोललं नाही म्हणजे ठीक, यावरच चाललोय.

नेटवर्कवाला:
उदाहरण भारी आहे पण लागू पडत नाही. समुद्र काही कुठल्या बोटीचं दार उघडं आहे ते शोधत फिरत नाही, हॅकर फिरतो. तुम्ही दिवा लावा, तो आधी दिवाच हिरवा करून ठेवेल. आणि २०१७ चं नॉटपेट्या हे सायबर हल्ल्याचं सॉफ्टवेअर घ्या, मर्स्क या जहाज कंपनीवर कोणाचा डोळाही नव्हता, युक्रेनमधल्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आलं आणि दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. एक डोमेन कंट्रोलर (नेटवर्कची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) वाचला तो घानामधला, का तर तिकडे लाइट गेली होती. यातून जुन्या अपघाताचा कोणता धडा काढणार, लाइट घालवून ठेवायची?

सेकंडमेट:
बोसनभाऊ हेरल्ड सोडा, रॉयल मॅजेस्टी ही क्रूझ बोट बघा. जून १९९५, बर्म्युडाहून बॉस्टनला जाताना जीपीएस अँटेनाची केबल निसटली, रिसीव्हर गुपचूप डीआरवर गेला म्हणजे नुसता वेग आणि दिशेवरून अंदाज. स्क्रीनवर बारीक अक्षरात डीआर लिहिलेलं होतं, दीड दिवस कोणाचं लक्ष नाही. अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ वाळूवर चढली तेव्हा १७ मैल बाजूला होती. शिवाय बॉया (पाण्यातली तरंगती खूण) दिसलेला नसताना दिसला म्हणून सांगितलं गेलं. केबल सुटली की कोणी मुद्दाम खोटा सिग्नल दिला, वॉचवरच्या माणसाला काय फरक पडतो?

नेटवर्कवाला:
पडतो ना. तिथे निदान डीआर ही दोन अक्षरं तरी लिहिली होती, स्पूफिंगमध्ये म्हणजे खोट्या सिग्नलमध्ये स्क्रीन ठणठणीत दिसते. २०१७ मध्ये काळ्या समुद्रातल्या बोटी जीपीएसवर थेट विमानतळावर दिसत होत्या, ते कोणालाही कळेल. दोनच मैलांनी हलवलं तर?

सेकंडमेट:
तर रडार रेंज (किनाऱ्याचं अंतर) घ्या, इको साउंडर (पाण्याची खोली) बघा, बेअरिंग (खुणेची दिशा) घ्या. जीपीएसला न विचारता पोझिशन काढा, एवढंच तर म्हणतोय! खोल समुद्रात अवघड आहे हे मान्य, पण बोट चढते ती किनाऱ्याजवळच.

इंजिनरूमकाका:
दोघंही बरोबर असाल, होणार मात्र कागदच. हेरल्डनंतर आयएसएम कोड (बोटी सुरक्षित चालवण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) आला, १९९८ पासून सक्तीचा, आणि आमच्या नशिबी चेकलिस्ट आल्या. आता आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) सायबरही त्याच एसएमएसमध्ये, म्हणजे कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थापनात, घातलंय २०२१ पासून, म्हणजे अजून एक फाइल, ऑडिटर आला की धूळ झटकायची. क्लासवाल्यांचे (बोटी तपासून दाखला देणाऱ्या संस्थांचे) नवे ई२६, ई२७ हे सायबर नियम १ जुलै २०२४ पासून ऑर्डर दिलेल्या बोटींना, आमची म्हातारी तशीच. तिकडून इंजिनमेकर रिमोटने आत येतो, काय बदलतो ते चीफ इंजिनियरलाही कळत नाही, सही मात्र चीफची.

बोसनभाऊ:
काका, तुमच्या त्या सहीतच माझा मुद्दा आहे. एका बोटीवर चार्ट अपडेटच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला, ज्याच्या हातून झालं त्याने गपचूप फॉरमॅट मारला आणि तोंड उघडलं नाही, कारण अप्रेझल तोंडावर होतं. साइन ऑफ होताना, म्हणजे बोट सोडताना, मला सांगितलं. हॅकर हुशार असेलही हो, पण इथे लपवलं ते आपल्याच माणसाने, आणि का लपवलं ते सगळ्यांना माहितीये.

नेटवर्कवाला:
हे मानतो. पण मग पेन ड्राइव्ह लावल्याचं स्वतःहून सांगितलं तर कॉन्ट्रॅक्ट जाणार नाही, असं लेखी देणारी एक कंपनी दाखवा, मी वरचं सगळं मागे घेतो.

इंजिनरूमकाका:
लेखी देतील रे, त्याचीही चेकलिस्ट काढतील.