प्रतिसाद: कॅज्युअल्टी तुंबते ती वरच्या मजल्यांमुळे
सर्दी-तापाचे पेशंट ओपीडीत पाठवले की कॅज्युअल्टीतली, म्हणजे तातडीच्या विभागातली, गर्दी हटेल, असं वर कोणीतरी लिहिलंय. मला नाही पटत. ते बिचारे इंजेक्शन घेऊन अर्ध्या तासात घरी जातात. खाट अडते ती अ‍ॅडमिशन ठरूनही वॉर्डात जागा न मिळालेल्यांमुळे. गेल्या पावसाळ्यात सासऱ्यांना घोडबंदर रोडवरच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं होतं. अकराला भरती करायचं ठरलं, वॉर्डात खाट मिळाली संध्याकाळी सातला. का, तर वरच्या पेशंटला डिस्चार्ज सकाळीच सांगितलेला, पण मेडिक्लेमची मंजुरी यायची होती! तो वर कपडे करून बसलेला, आम्ही खाली स्ट्रेचरवर.

सरकारीचं दुखणं वेगळं. ठाण्याचं सिव्हिल नव्या इमारतीसाठी हलवल्यावर कळव्याच्या रुग्णालयावरचा भार वाढला. शहापूर-मुरबाडकडचे पेशंटही तिथेच येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे २४ तासांत १८ मृत्यू झाले. त्यातले काही अत्यवस्थ अवस्थेतच आणले होते, असं प्रशासन म्हणालं. असेलही. पण मग ते आधी कुठे थांबले होते, हेही विचारायला हवं.

खाजगीवाल्यांनी निदान डिस्चार्जची फाइल आदल्या रात्री तयार ठेवावी. त्याला नवीन इमारत लागत नाही.