नहेम्या 9 : वाडवडिलांची पापं आपण का कबूल करावीत?

नगरची_वाचक
बायबलमधल्या नहेम्या या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातली प्रार्थना आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वर्षातून एकदा तरी मोठ्याने वाचली जावी, असं मला मनापासून वाटतं. सातव्या महिन्याच्या 24व्या दिवशी इस्राएल लोक उपास करून, गोणपाट नेसून, डोक्यात धूळ घालून जमले. दिवसाचा चौथा भाग नियमशास्त्राचं वाचन, चौथा भाग पापांगीकार आणि भजन. स्वतःच्या पापांबरोबर त्यांनी वाडवडिलांचा अधर्मही कबूल केला, तोही एकेक प्रसंग सांगून. पूर्वजांनी पूजेसाठी सोन्याचं वासरू ओतलं, तरी देवाने मान्ना, म्हणजे रानात आकाशातून मिळणारं अन्न, थांबवला नाही. 40 वर्षं रानात अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत, पाय सुजले नाहीत.

आपला रविवारचा पापांगीकार मिनिटभरात उरकतो आणि त्यात एकही पाप नावानिशी येत नाही. मंडळीत जात टिकली, सोयरीक जुळवताना ती आजही विचारली जाते. हे आपण मिळून देवापुढे कधी म्हटलं आहे का?

सोलापूरकर
ताई, तळमळ पोचली, पण मला हे पटत नाही. बापाच्या अधर्माचा भार मुलगा वाहणार नाही, असं बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 18वा अध्याय स्वच्छ सांगतो. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. ते ख्रिस्ती झाले, तर मंडळीतही मागेच बसवले गेले. त्यांच्या पणतवाने आता कशाची माफी मागायची? सगळ्यांनी मिळून कबुली दिली की जात पाळणारा आणि ती सोसणारा सारखेच दोषी ठरतात. पाळणाऱ्याची त्यात चांगलीच सोय होते. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने सभेत सामूहिक प्रार्थना म्हटली नाही. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करीन, असं तो स्वतः उभा राहून म्हणाला.

नगरची_वाचक
दादा, ती प्रार्थना करणारेही सोसणारेच होते. शेवटी ते म्हणतात, वाडवडिलांना दिलेल्या याच देशात आम्ही आज दास आहोत, इथलं पीक परक्या राजांकडे जातं. तरीही ते देवाला न्यायी म्हणतात. पूर्वजांचे अपराध तिथे दोष वाटून देण्यासाठी सांगितलेले नाहीत. इतक्यांदा उलटलेल्या लोकांना ज्याने सोडलं नाही तो आम्हालाही सोडणार नाही, या आशेवर ते सांगितले आहेत.

सोलापूरकर
माझी भीती तीच आहे. तुमचं दास्य तुमच्याच पापामुळे, हे आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलं, फक्त तेव्हा त्याला पूर्वजन्म म्हणत. तेच आता वेदीवरून ऐकायचं नाही.

केडगाव_जवळून
1905 साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, त्यात मुली एकत्र प्रार्थना करत होत्या, रडत होत्या, आपापली पापं मोठ्याने कबूल करत होत्या. सगळ्या सोबत असल्या तरी कबुली जिची तिची होती. म्हणून एकट्याची की सर्वांची, हा वाद मला तितकासा खरा वाटत नाही.

तळटीप_वाचणारा
दोघांनाही विनंती, नहेम्याचाच पाचवा अध्याय वाचा. यरुशलेमाचा कोट बांधला जात असतानाच प्रतिष्ठित लोक आपल्याच भावांकडून व्याज घेत होते. शेतं, द्राक्षमळे गहाण पडले होते, मुली दासी झाल्या होत्या. तिथला अधिकारी असलेल्या नहेम्याने सभा भरवून त्यांना जाब विचारला आणि शेतं, मळे, घरं, व्याज, सगळं परत करायला लावलं. नवव्या अध्यायातला पापांगीकार त्यानंतर येतो. दहाव्यात पुन्हा करार होतो आणि त्यात सातव्या वर्षी कर्ज सोडण्याचं कलम आहे. परतफेडीशिवायची कबुली या पुस्तकात नाहीच.

नगरची_वाचक
पटलं. मग ईस्टरपूर्वीच्या येत्या उपवासकाळात पाचवा, नववा आणि दहावा हे तिन्ही अध्याय एकाच उपासनेत वाचावेत, असं मी आमच्या पाळकांना सुचवते.

सोलापूरकर
वाचा, पण पाचव्यापाशी थांबून ज्येष्ठ घराण्यांना सर्वांसमोर विचारा की तुमच्या मुलाची सोयरीक आमच्या घरी चालेल का. त्यांचं उत्तर येईपर्यंत नववा उघडू नका. ते हो म्हणाले, तर मी सोलापुराहून येईन आणि माझ्या वाटची पापं त्यांच्या शेजारी उभा राहून कबूल करीन.