नव्याने बांधलेल्या ट्रक इंजिनसाठी तेलाची ग्रेड कशी ठरवावी?

प्रश्न

नमस्कार. माझ्या ट्रकचे सहा सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन नुकतेच पूर्ण उघडून पुन्हा बांधून घेतले आहे. लायनर, पिस्टन आणि रिंगा नव्या आहेत, क्रँक ०.२५ मिमीने ग्राइंड करून त्याच मापाची मेन आणि बिगएंड बेअरिंगे बसवली आहेत आणि ऑईल पंपही नवा घातला आहे. इंधन पंप जुन्या पद्धतीचा, पूर्णपणे यांत्रिक आहे. सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही.

उत्पादकाच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० तेल सांगितले आहे. मात्र इंजिन बांधणाऱ्या मिस्त्रींचे म्हणणे असे की, बांधलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० च घालावे, म्हणजे प्रेशर चांगले राहते. आणि दुसऱ्या एका जाणकारांनी पहिल्या दिवसापासून ५डब्ल्यू-४० सिंथेटिक वापरण्याचा सल्ला दिला आहे. इंजिन बांधल्यामुळे तेलाची ग्रेड खरोखर बदलावी लागते का, आणि डब्यावरच्या सीआय-४, सीके-४ या अक्षरांपैकी माझ्या इंजिनाला कोणती लागू पडतात, हे कृपया कारणांसहित सांगावे. इंजिन अजून सुरू केलेले नाही.

प्रतिसाद १

इंजिन बांधलेले आहे एवढ्यावरून ग्रेड ठरत नाही. ती बेअरिंगच्या क्लिअरन्सवरून, म्हणजे आतल्या मोकळ्या जागेवरून ठरते, आणि तुमच्या वर्णनावरून तो मूळ मापाला परत आलेला असावा. क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ०.२५ मिमीने बारीक केला, तरी बेअरिंगच्या दोन्ही वाट्या मिळून तेवढ्याच अधिक जाड असतात, त्यामुळे जर्नल आणि बेअरिंग यांच्यामधील तेलाची जागा कारखान्यातून आलेल्या इंजिनाइतकीच राहते. जाड तेलाची शिफारस झिजलेल्या इंजिनासाठी होत आली, कारण तिथे ही जागा वाढलेली असते आणि पातळ तेल कडेने निसटून जाते. तुम्ही ती झीजच काढून टाकली आहे, तेव्हा तिच्यावरचा उपाय पुढे चालू ठेवण्याचे कारण उरत नाही.

आकड्यांत पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. तेलाच्या ग्रेड ठरवणाऱ्या एसएई संस्थेच्या जे-३०० मानकाप्रमाणे ४० ग्रेडच्या (१५डब्ल्यू-४० मधला दुसरा आकडा) तेलाची १०० अंश सेल्सिअसला चिकटता १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या दरम्यान असते आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. पण बेअरिंगमध्ये तेल १०० अंशांपेक्षा अधिक तापते आणि प्रचंड वेगाने घासले जाते, म्हणून १५० अंशांना, तशाच घासणीखाली मोजलेल्या चिकटतेची किमान मर्यादाही याच मानकात दिलेली आहे. ही किमान मर्यादा १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० या दोन्हींसाठी सारखीच, म्हणजे ३.७ मिलिपास्कल-सेकंद आहे. ५० ग्रेडचे तेल प्रत्यक्षात या मर्यादेच्या बरेच वर असते हे खरे. परंतु ४० ग्रेडचे तेल बेअरिंगला पुरणार नाही अशी जी भीती घातली जाते, तिला मानकात आधार नाही.

प्रेशर म्हणजे तेलाच्या प्रवाहाला होणारा अडथळा. तेल जाड केले की गेजची सुई वर जाते, पण त्याच वेळी जर्नलमधून वाहणारे आणि तिथली उष्णता घेऊन जाणारे तेल कमी होते. शिवाय थंड इंजिनात जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून पंपाने उचललेल्या तेलातला बराच भाग सरळ चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) परततो. सुई वर असणे आणि बेअरिंगला तेल पुरेसे मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून इंजिन बांधताना क्लिअरन्स मोजला होता का आणि तो किती आला, हे मिस्त्रींना विचारून इथे लिहावे. साधारण ठोकताळा असा की, जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी जागा असावी, म्हणजे ८० मिमीच्या जर्नलला सुमारे ०.०८ मिमी. मात्र अंतिम शब्द पुस्तिकेतल्या मर्यादेचा.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त पहिल्या भरणीबद्दल लिहितो, कारण नव्याने बांधलेल्या इंजिनाचे पुढचे आयुष्य बरेचसे सुरुवातीच्या काही तासांत ठरते.

नव्या लायनरवर होनिंगच्या (आतला पृष्ठभाग दगडाने घासण्याच्या) तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा असतात. त्या रेघांच्या कडा रिंगांनी किंचित घासून सपाट व्हाव्यात आणि खोलगट भागात तेल टिकून राहावे, अशी ती रचना असते. कडा घासल्या जाण्यासाठी रिंग लायनरवर जोराने दाबली गेली पाहिजे, आणि तो दाब रिंगच्या मागे शिरणाऱ्या ज्वलनवायूंचा असतो. इंजिन तासन् तास रिकामे, मंद गतीवर ठेवले तर तो दाबच तयार होत नाही. तेल लायनरवर भाजून त्याचा चकचकीत थर बसतो, रेघा बुजतात आणि रिंगा कायमच्या सैल राहतात. मग ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वाफ आणि धूर येत राहतो व तेल कमी होत जाते. हे झाल्यावर कोणतीही ग्रेड उपयोगी पडत नाही, इंजिन पुन्हा उघडावे लागते. ‘नवे इंजिन आहे, नुसतेच चालू ठेवा’ हा सल्ला अजूनही दिला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

त्यामुळे पहिल्या भरणीला पुस्तिकेतल्याच ग्रेडचे, जड डिझेल इंजिनांसाठीचे साधे मिनरल १५डब्ल्यू-४० घ्यावे. सिंथेटिक तेल वाईट असते असे नाही, पण रिंगा बसल्यानंतर ते घातले तरी काहीच बिघडत नाही, तेव्हा घाई करण्यात लाभ नाही. घर्षण कमी करणारी वेगळी रसायने त्यात मिसळू नयेत. इंजिन गरम झाले की मध्यम भार देऊन, वेग कमी-अधिक करत गाडी चालवावी; पूर्ण भार आणि दीर्घ चढ सुरुवातीला टाळावेत.

पहिले तेल आणि फिल्टर नेहमीच्या मुदतीच्या बऱ्याच आधी बदलावेत. काढलेला फिल्टर फेकू नये. तो कापून कागदाच्या घड्या उलगडून उजेडात पाहावा. लोहचुंबकाला चिकटणारी बारीक काळसर पूड थोडी असतेच, कारण ती रिंगा आणि लायनर बसताना निघते. परंतु तांबूस चकाकणारे कण दिसले, तर ते बेअरिंगच्या वरच्या मऊ थराखालच्या धातूचे किंवा गजनपिनेच्या (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनेच्या) बुशाचे असू शकतात, आणि त्यांचा उगम सापडेपर्यंत ट्रक कामाला लावू नये.

प्रतिसाद ३

मिस्त्रींची बाजूही मांडायला हवी. जड माल भरून, कडक उन्हात, कमी वेगाने लांबलचक चढ चढणाऱ्या ट्रकच्या चेंबरमधील तेल ११० अंशांच्या पुढे जाते, आणि तिथे ५० ग्रेडची जास्तीची चिकटता उपयोगी पडते. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत हवेच्या तापमानानुसार चालणाऱ्या ग्रेडचा तक्ता असतो. त्या तक्त्यात २०डब्ल्यू-५० ला जागा असेल आणि तुमचा ट्रक अशाच परिस्थितीत चालणार असेल, तर ते तेल वापरण्यास माझी हरकत नाही. त्याला आधार मात्र तक्त्याचा आणि कामाच्या स्वरूपाचा असावा, इंजिन बांधल्याचा नव्हे.

डब्ल्यूआधीच्या, थंडीतली चिकटता सांगणाऱ्या आकड्याकडेही पाहावे. १५डब्ल्यू तेलाची सेल्फ मारतानाची चिकटता उणे २० अंशांना तपासली जाते, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. इतकी थंडी जिथे कधीच पडत नाही, तिथेही गार इंजिन सुरू झाल्यावर टर्बोच्या बेअरिंगपर्यंत तेल किती लवकर पोहोचते यात फरक पडतो, आणि टर्बोला कोरडे क्षण सोसत नाहीत.

आता अक्षरांविषयी. सीआय-४ हा एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) वर्ग २००२ साली आला, सीजे-४ हा २००६ साली आणि सीके-४ हा २०१६ च्या अखेरीस. सीजे-४ मध्ये तेल जळून उरणाऱ्या राखेवर १ टक्क्याची मर्यादा घातली गेली ती मुख्यतः डीपीएफ तुंबू नये म्हणून; तुमच्या ट्रकला डीपीएफच नसल्याने त्या मर्यादेचा तुम्हाला खास लाभ नाही, पण सीके-४ तेल जुन्या सीआय-४ च्या जागी निर्धास्तपणे चालते. तुमच्याकडच्या डिझेलमध्ये गंधक जास्त असेल, तर आम्ल मारण्याची क्षमता अधिक असलेले चांगले सीआय-४ तेल अधिक योग्य ठरेल. एफए-४ असे लिहिलेला डबा मात्र अजिबात घेऊ नये. ते मुद्दाम पातळ केलेले तेल असून १५० अंशांना त्याची चिकटता २.९ ते ३.२ मिलिपास्कल-सेकंद एवढीच ठेवलेली असते, आणि ते त्याच हिशेबाने घडवलेल्या नव्या इंजिनांसाठी आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मिस्त्रींनी क्लिअरन्स मोजून वहीत लिहून ठेवला होता: मेन बेअरिंगांत ०.०७ ते ०.०९ मिमी, आणि पुस्तिकेतील मर्यादा ०.०५ ते ०.११ आहे. तापमानाच्या तक्त्यात आमच्याकडच्या हवेसाठी १५डब्ल्यू-४० च दिसते, म्हणून तेच, मिनरल आणि सीआय-४ वर्गाचे घ्यायचे ठरवले आहे. मिस्त्रींनाही ते पटले. त्यांची एवढीच शंका आहे की, इंजिन तापल्यावर मंद गतीला प्रेशर खाली आले तर काय करावे.

प्रतिसाद १

मापे उत्तम आहेत. ती वहीत लिहून ठेवणारे मिस्त्री तुम्हाला लाभले आहेत. तापलेल्या इंजिनाचे प्रेशर मंद गतीला खाली येतेच, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पुस्तिकेत मंद गतीसाठी आणि कमाल वेगासाठी वेगवेगळे किमान आकडे दिलेले असतात, त्यांच्याशीच तुलना करावी. पुस्तिकेत नसतील तर दर १००० फेऱ्यांना निदान १० पीएसआय हा जुना ठोकताळा कामचलाऊ म्हणून चालतो. मोजणी डॅशबोर्डवरच्या सुईवर विसंबून करू नये, ऑईल गॅलरीला (इंजिनातल्या मुख्य तेलवाहिनीला) यांत्रिक गेज जोडून करावी, आणि तीही ट्रक भाराखाली चांगला चालवून आणल्यावर, कारण पाणी तापले तरी तेल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. आकडा तरीही कमी आला तर ग्रेड बदलण्याआधी रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग, पंपाच्या सक्शन पाइपचे पॅकिंग आणि कॅमचे बुश तपासावेत. या क्लिअरन्सला ते कारण बेअरिंगमध्ये सापडण्याची शक्यता कमी आहे.

इंजिन अजून सुरू केलेले नाही म्हणून आणखी एक: फिल्टर तेलाने भरून बसवावा, टर्बोच्या तेलाच्या नळीतून थोडे तेल आत सोडावे आणि इंधन बंद ठेवून, सेल्फला मध्ये मध्ये विश्रांती देत, गेजची सुई हलेपर्यंत क्रँक फिरवावी. त्यानंतरच इंधन सुरू करावे, आणि काही मिनिटे चालवून बंद केल्यावर डिपस्टिक पाहून कमी झालेले तेल भरून काढावे.