पैसा कमी की व्यवस्था ढिली? माध्यमिक शाळांच्या साधनांवर चर्चा

प्रयोगवही:
नववी-दहावीचं विज्ञान कच्चं राहिलं की खापर अनुदानावर. जरा वेळापत्रक बघा. ओहमच्या नियमाला 48 मुलांचे चार-चारचे गट केले तर 12 संच लागतात, शाळेत असतात सहा. मग सर टेबलावर एकदा दाखवतात, निरीक्षणं फळ्यावरून वहीत. त्यापेक्षा जोडतासिका (सलग दोन तासिका) लावा. अर्धा वर्ग प्रयोगशाळेत, अर्धा ग्रंथालयात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. सहा संचांत भागतं. सेलऐवजी घरच्या विजेवर चालणारा एलिमिनेटर वापरला की दरवर्षीची खरेदीही वाचते.

लेखाशाखा:
प्रयोगशाळा सहाय्यकाचं पद रिक्त असताना उरलेल्या 24 जणांवर लक्ष कोण ठेवणार? केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान 251 ते 1000 विद्यार्थ्यांच्या पटाला 75,000 रुपये, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेला. तेही सरकारी शाळांना. राज्यातल्या बहुतेक माध्यमिक शाळा खासगी संस्थांच्या, त्यांना वेतनेतर (पगार सोडून इतर खर्चाचं) अनुदान, तेही येईल तेव्हा. पैसे मार्चमध्ये पडले की 31 तारखेच्या आत खर्च दाखवायचा. दुकानात जो माल तयार असेल तो उचलला जातो. पाच पृथ्वीगोल येतात, अ‍ॅमीटर राहूनच जातो.

प्रयोगवही:
मागणीयादी जूनमध्ये करून ठेवायला कोण अडवतं? जडवस्तू नोंदवही आणि कपाट ताडून पाहा. नोंदीत व्होल्टमीटर नऊ, चालतात तीन. निर्लेखन (मोडक्या वस्तू नोंदीतून काढणं) होत नाही, म्हणून कागदावर साठा भरपूर आणि नवी मागणी नामंजूर. शिवाय मार्चमध्ये घेतलेला लिटमस पावसाळ्यात दमट कपाटात वाया जातो, मॅग्नेशियमची फीत काळवंडते. घट्ट झाकणाची बरणी लागते, तिला कसलं अनुदान?

दहावी_ब:
तुम्ही दोघे निकालपत्रक विसरताय. विज्ञानाचे दोन भाग 40-40 गुणांचे, प्रात्यक्षिक 20 चं आणि ते शाळेतच होतं. बीकर फुटेल म्हणून कपाट न उघडणाऱ्या शाळेतही 18-19 सहज पडतात. प्रयोगशाळा चालली काय, बंद राहिली काय, टक्केवारी तीच. मुख्याध्यापक त्यात जीव कशाला घालतील? (अकरावीला विज्ञान घेतलं की मग कळतं.)

लेखाशाखा:
अगदी. आणि निर्लेखन म्हणजे समिती, ठराव, संस्थेची मंजुरी. कारकून एकच, शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतली वेतनदेयकं, यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदणीची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्याच्याच टेबलावर. नोंदवही ताडायची तर विज्ञानशिक्षकाची कोणती तासिका मोकळी करायची, तेवढं सांगा.

प्रयोगवही:
शनिवारची शेवटची. पर्यवेक्षकांनी ती गैरहजर शिक्षकाच्या बदली तासिकेत खर्ची घातली नाही, तर महिन्याला एक कपाट ताडून होतं.