मदत हवी आहे: होळीनंतर उभ्या राहणाऱ्या कॅम्परच्या बॅटऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात कशा टिकवायच्या?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली कॅम्पर गाडी आहे. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत ती फिरते. होळी झाली की अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीच्यांच्या बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्यात उभी राहते, ती थेट दसऱ्यापर्यंत. जुळे सोलापुरात आमच्या गल्लीत एवढी मोठी गाडी लावायला जागा नाही.

गाडीत इंजिनची बॅटरी वेगळी. आतल्या दिवे, पंखे, पंप आणि फ्रीजसाठी 150 एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या समांतर जोडल्यात, आपल्या घरच्या इन्व्हर्टरला असतात तशाच, पाणी टाकायच्या. चार्जिंगसाठी इन्व्हर्टर आहे आणि टपावर सोलर पॅनेलही आहे. पण गाडी पत्र्याच्या शेडखाली असते, त्यामुळे ते पॅनेल उन्हाळाभर निरुपयोगी.

गाडी ठेवताना बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून, मेन कट-ऑफ स्विच बंद करून ठेवतो. तरी दीडेक महिन्याने मीटर लावला की आतल्या बॅटऱ्या 12.1 व्होल्टवर आणि इंजिनची 12.3 वर. दसऱ्याला चार्ज करून गाडी काढतो तेव्हा वरवर सगळं ठीक वाटतं, पण रात्रभराचा भार पेलत नाहीत. गेल्या हिवाळ्यात गाणगापूरला मुक्कामी असताना पहाटे बॅटरी उतरून फ्रीज बंद पडला. आमच्या अण्णांचं इन्सुलिन त्या फ्रीजमध्ये असतं. न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंशातच ठेवाव्या लागतात, म्हणून माझ्यासाठी हा फक्त बॅटरीच्या पैशांचा प्रश्न नाही. अण्णांना एसटीत आता बसवत नाही, आणि या गाडीमुळेच त्यांचं तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर चालू आहे.

सल्ले उलटसुलट मिळतात. शेडचे मालक म्हणतात, प्लग लावून ठेव, घरचा इन्व्हर्टर काय आपण काढून ठेवतो का? बॅटरीवाले म्हणतात, वायरी सोडवून ठेवा आणि विसरून जा. त्यातच शेडमध्ये सुताचा पसारा आहे, शॉर्ट सर्किटच्या धास्तीने मालक संध्याकाळी मेन स्विच पाडून जातात. म्हणजे वीज मिळाली तर दिवसाच. गाडी बाहेर उन्हात लावून टपावरचं पॅनेल चालू ठेवावं, असंही दादाचं मत आहे.

यातलं नेमकं काय करू? जाणकारांनी कृपया सांगावं.

हिप्परगाकर

ताई, माझा अनुभव घरच्या इन्व्हर्टरचाच आहे. वर्षानुवर्षं प्लग लावलेला असतो आणि बॅटरी चार-पाच वर्षं सहज जाते. तुम्हीही दिवसा चालू ठेवा. पाणी मात्र बघत राहा. आमच्याकडे एसीचं गळणारं पाणी साठवून तेच टाकतो, ते डिस्टिल्डच असतं.

चिंचोलीचा वायरमन

ताई, सविस्तर लिहितो, कारण यात दोन वेगळे रोग एकत्र आलेत असं मला वाटतं.

पहिला म्हणजे चोरटा लोड. पूर्ण चार्ज ट्यूब्युलर बॅटरी काहीही न जोडता ठेवली तर साध्या हवेत महिन्याला तीन ते पाच टक्के स्वतःहून उतरते. तापमान दहा अंशांनी वाढलं की उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे आपल्या एप्रिल-मेमध्ये, पारा 42-43 वर असताना, पत्र्याखाली दहा-पंधरा टक्के गेले तरी नवल नाही. पण 12.1 म्हणजे बॅटरी निम्म्याच्याही खाली आली. दीड महिन्यात एवढं उष्णतेने होत नाही. कट-ऑफ बंद करूनही कुणीतरी करंट खातंय.

ते शोधायचं असं. मल्टिमीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर घ्या. कट-ऑफ बंद, इन्व्हर्टर बंद. निगेटिव्ह टर्मिनलवरची वायर काढून ती वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये मीटर सिरीजला जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, पंप-फ्रीज चालू करू नका, मीटरचा फ्यूज जाईल. क्लॅम्प मीटरवर इतका बारीक करंट नीट दिसत नाही. इंजिनच्या बॅटरीवर मोजताना दारं लावून अर्धा तास थांबा, गाडीचा कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतो. तिथे वीस-पंचवीस मिलिअँपिअर चालतात. पन्नास असले तर महिन्याला 36 एएच जातात, आणि इंजिनची बॅटरी तेवढ्यातच मान टाकते.

आतल्या बाजूला नेहमीचे संशयित म्हणजे गॅस गळतीचा अलार्म, जीपीएस ट्रॅकर, स्टिरिओ आणि व्होल्ट दाखवणारी यूएसबी सॉकेटं. इन्व्हर्टर नुसता स्टँडबायवर राहिला तरी अँपिअरभर खातो, दिवसाला 24 एएच. गॅसचा अलार्म बरेच बांधणारे मुद्दाम कट-ऑफच्या आधी जोडतात, कारण माणसं आत झोपलेली असताना तो बंद पडू नये. ते बरोबरच आहे. उभ्या गाडीत मात्र सिलिंडर उतरवून बाहेर ठेवा आणि मगच अलार्म सोडवा.

दुसरा रोग म्हणजे उतरलेल्या अवस्थेत पडून राहणं. बॅटरी अर्धी रिकामी राहिली की प्लेटांवरचं शिशाचं सल्फेट घट्ट खड्यासारखं बसतं. दसऱ्याला चार्ज केलं की व्होल्टेज 12.7 दाखवतं, पण प्लेटचा तेवढा भाग कामातून गेलेला असतो. वरवर ठीक आणि रात्री भार पेलत नाही, हे तुम्ही लिहिलंत त्याचं कारण हेच. पूर्ण भरून ठेवणं आणि मधे उतरू न देणं, एवढाच त्यावर उपाय.

आता प्लगबद्दल. हिप्परगाकर म्हणतात ते घरात चालतं, कारण घरी बॅटरी रोज थोडी वापरली जाते आणि सावलीत असते. साध्या इन्व्हर्टरला बाहेरच्या तापमानाचा पत्ता नसतो. 25 अंशाला 13.5 व्होल्ट फ्लोट (भरलेल्या बॅटरीला सतत मिळणारं व्होल्टेज) योग्य असेल, तर 40 अंशाला तो 13.2 च्या आसपास हवा. तो तसाच 13.7-13.8 वर राहिला तर महिनोन् महिने पाणी उडतं आणि प्लेटा झिजतात. शिवाय रिकाम्या शेडमध्ये, सुताजवळ, कुणी बघणारं नसताना चार्जर चालू ठेवणं मला पटत नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. मालकांची धास्ती रास्त आहे.

गाडी उन्हात लावायचं दादांचं म्हणणंही नको. पॅनेल चालेल, पण उष्णतेने बॅटरीचं आयुष्यच कमी होतं, शिवाय टायर आणि टपाचे सीलंट तडकतील.

माझा सल्ला असा. गाडी शेडखालीच ठेवा. समांतर जोडलेल्या दोन बॅटऱ्यांमधली लिंक काढा, नाहीतर त्यातली अशक्त बॅटरी चांगलीलाही रिकामी करते. निगेटिव्ह आधी काढायचं, बसवताना शेवटी. मग महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी, दिवसाउजेडी तिथे थांबून एकेक बॅटरी पूर्ण चार्ज करा. वेळेवर गेलात तर एका दिवसात एक आरामात होते.

आसरा चौक

एसीच्या पाण्याला माझा ठाम विरोध. ते कॉइलवरून येतं, धूळ आणि धातूचे अंश घेऊन येतं. आरओचंही नको, त्यात क्षार उरतात. बोअरचं तर नावच काढू नका. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन फार महाग नाही. पाणी चार्ज झाल्यावर टाकायचं, आधी नाही. चार्ज होताना पातळी वर येते आणि ॲसिड बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडण्यापुरतं टाका.

आणि ताई, व्होल्टमीटरवर विसंबू नका, ॲसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजणारा हायड्रोमीटर घ्या. ट्यूब्युलर पूर्ण भरली की ग्रॅव्हिटी 1240 च्या आसपास येते. हा आकडा 27 अंशाचा. ॲसिड गरम असलं की रीडिंग कमी दिसतं, दर अंशाला 0.7 पॉइंट. म्हणजे 42 अंशाला 1230 दिसली तरी खरी 1240 आहे असं समजा. आपल्याकडे मे महिन्यात लोक हे विसरतात आणि भरलेल्या बॅटरीला पुन्हा पुन्हा चार्ज करत बसतात. सहा सेलमध्ये 30 पॉइंटपेक्षा जास्त फरक दिसला तर तो कमी असलेला सेल आजारी आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दादाबरोबर शेडवर जाऊन मोजलं. कट-ऑफ बंद असताना आतल्या बॅटऱ्यांमधून 0.18 अँपिअर जात होते. गॅसचा अलार्म सोडवल्यावर 0.05 राहिले. ते शोधता शोधता कळलं की ज्यांनी गाडी बांधली त्यांनी जीपीएस ट्रॅकर सरळ बॅटरीच्या टर्मिनलवर जोडलाय, कट-ऑफच्या आधी, आणि कुठल्याच कागदावर ते लिहिलेलं नाही. हिशेब केला तर 0.18 म्हणजे दिवसाला सव्वाचार एएच, महिन्याला 130 च्या घरात. 300 मधले 130! दरवर्षी नेमकं काय होत होतं ते आता समजलं.

सिलिंडर उतरवला, अलार्म सोडवला, लिंक काढली. इंजिनच्या बॅटरीवर 30 मिलिअँपिअर मिळाले, तिचंही निगेटिव्ह काढायचा विचार आहे. गाडी बीएस-6 आहे, काढलं तर काही बिघडेल का?

दुसरं, दर तीन आठवड्यांनी तिथे दिवसभर थांबणं मला नोकरीमुळे अवघड आहे आणि दादा निम्मा महिना बाहेर असतो. अण्णांना शेडमध्ये त्या उकाड्यात बसवायचं नाही. याला काही पर्याय?

चिंचोलीचा वायरमन

छान शोधलंत. इंजिनचं निगेटिव्ह बिनधास्त काढा, फक्त किल्ली बंद केल्यावर लगेच नको. बीएस-6 डिझेलला युरियाची टाकी असेल तर इंजिन बंद झाल्यावर युरियाचा पंप काही वेळ चालून पाइप रिकामे करतो. पाच-दहा मिनिटं थांबा, मग काढा.

पर्याय आहे. शेडच्या पत्र्यावर, मालकांच्या परवानगीने, वेगळं 50 वॅटचं छोटं पॅनेल बसवा आणि वायर खाली गाडीपर्यंत आणा. बॅटऱ्या स्वतःहून दिवसाला फार तर दीड एएच उतरणार. 50 वॅटचं पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला दहा-बारा एएच सहज देतं, पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांतही पुरतं. पॅनेल आणि बॅटरीमधला चार्जिंग कंट्रोलर मात्र तापमानाची सेन्सर-वायर असलेलाच घ्या आणि ती वायर बॅटरीला चिकटवा, म्हणजे उन्हाळ्यात व्होल्टेज तो स्वतःच खाली आणेल. सेटिंग 'फ्लडेड' (पाणी टाकायच्या बॅटरीचं) वर ठेवा. हे केलंत तर दोन्ही बॅटऱ्यांची लिंक पुन्हा जोडावी लागेल. आधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरून, ग्रॅव्हिटी जुळते का बघून मगच जोडा. पाणी बघायला महिन्यातून एक चक्कर तरीही हवीच.

विजापूर रोड

पुढे बॅटऱ्या बदलायची वेळ आली तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा विचार करा. तिला उभं ठेवताना नियम उलटे. पूर्ण भरून ठेवायची नाही, निम्म्यावर आणून वायरी सोडवायच्या, फ्लोटला लावायचं नाही. सहा महिन्यांत फारशी उतरत नाही. वजन ट्यूब्युलरच्या निम्म्याहून कमी. पण 45 अंशाच्या पत्र्याखाली तीही म्हातारी होते, तिला शक्यतो काढून घरात ठेवावी. आणि सध्याचा इन्व्हर्टर लिथियमला चालतो का ते आधी बघा.

मूळ प्रश्नकर्ती

लिथियम पुढच्या वेळी नक्की बघू. घरात ठेवता येईल हे सोयीचं आहे, आताच्या बॅटऱ्या दोघांशिवाय हलतही नाहीत.

शेडमालकांशी बोलले. वरचं पॅनेल त्यांना चालतंय, कारण त्यांच्या विजेला हात लागत नाही. एका बॅटरीत 1235 आहे, दुसरीत एक सेल 1190 वर अडकलाय. पूर्ण चार्ज करून पुन्हा बघते. नाहीच वर आला तर?

आसरा चौक

1190 वाला सेल लांबवर सावकाश चार्ज देऊन कधी कधी वर येतो. बॅटरी पूर्ण भरल्यावरही कमी करंटवर आणखी काही तास ठेवायची, झाकणं सैल, जागा हवेशीर, जवळ विडीकाडी नाही, हाताशी खाण्याच्या सोड्याचं पाणी. बॅटरीचं खोकं बाहेरून हाताला फार गरम लागलं तर थांबा. हे सकाळी करा, दुपारी नको. तरी फरक 30 च्या वर राहिला तर ती बॅटरी दुसरीला जोडूच नका. एकट्या चांगल्या बॅटरीवर फ्रीजची एक रात्र निघते: तो दिवसाला साधारण 40 एएच घेतो आणि 150 मधले निम्मे वापरायला हरकत नाही. अण्णांच्या प्रवासासाठी एक खात्रीची बॅटरी दोन संशयास्पद बॅटऱ्यांपेक्षा बरी.

चिंचोलीचा वायरमन

सहमत. आणि पॅनेलची वायर ओढताना बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत 10 अँपिअरचा फ्यूज टाका, कंट्रोलरजवळ नको. शेडमध्ये सूत आहे, वायर कुठे उंदराने कुरतडली तर तो फ्यूजच वाचवेल. जोडताना आधी कंट्रोलरला बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.