अठरानंतर पालक कोण?
दिव्यांग मुलाचे आईवडीलच पालक, वेगळा कागद कशाला, असं काही जण म्हणतात. 18 वर्षांपर्यंत ते बरोबर, पुढे नाही. माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) आहे. तो सज्ञान झाला आणि बँकेने ताईची सही घेणं थांबवलं. अंगठा लावायला त्याची मूठच उघडेना. शाईचा पॅड पुढ्यात ठेवून ताई त्याचं एकेक बोट सोडवत बसली होती. बघवत नव्हतं.

राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 याचसाठी आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर जिल्ह्यातली स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. तिच्यात खुद्द जिल्हाधिकारी असतात. याच न्यासाच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, थेरपीचा खर्चही त्यात येतो. मूल सतरा वर्षांचं झालं की कागद जमवायला लागा, प्लीज.