लॉस अलामोसखालचं पुये फॉर्मेशन: राखेच्या थरात पाणी टिकतं कसं?

भूजलवेडा:
मंडळी एक डाऊट आहे. न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसबद्दल (हो, अणुबॉम्बवालंच) वाचत होतो तर कळलं की गावाचं पिण्याचं पाणी सगळं जमिनीखालचं, पठारावरून मोजलं तर काही ठिकाणी हजारेक फूट खोल, आणि ते ज्या थरांत सापडतं त्यातला एक म्हणजे ज्वालामुखीच्या मालाचं हे पुये फॉर्मेशन. आता तिथं पाऊस बेताचा, वर बॅन्डेलियर टफचं (ज्वालामुखीच्या राखेचा दगड) जाड झाकण. मग एवढ्या खाली पाणी जातं कुठून? आणि राख तर ओली झाली की गच्च बसते ना?

दगडूशेठ:
नुसती राख नाहीये ती, तिथंच घोळ होतोय. हेमेझ डोंगरातले (लॉस अलामोसच्या पश्चिमेला) डेसाइट नावाच्या घट्ट लाव्हाचे घुमट झिजले आणि त्यांचे दगड, वाळू, चिखल लोंढ्याबरोबर पूर्वेला रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात येऊन पंख्यासारखे पसरले. कड्याचे फोटो बघ, लहानमोठे करडे दगड, भोवती वाळू, मधेच प्युमिसचा (हलका सच्छिद्र ज्वालामुखी दगड) नाहीतर राखेचा पांढुरका पट्टा आणि त्याच्यावर परत दगड. पाणी असतं त्या दगडावाळूच्या फटीत. तळाशी तोतावी म्हणून थर आहे, त्यातले गुळगुळीत क्वार्टझाइटचे गोटे हेमेझचे नाहीतच, जुन्या रिओ ग्रांदेने वाहून आणलेले, आणि पाणी सोडायला तो एक नंबर.

कॅन्यनकर:
भर घालतो. पाणी मुख्यतः पश्चिमेच्या डोंगरातल्या बर्फाचं आणि कॅन्यनच्या तळातून मुरलेलं. मेसाच्या (कॅन्यनच्या मधल्या सपाट पठाराच्या) माथ्यावर पडलेला पाऊस बहुतेक झाडं आणि ऊनच खातात, खाली जवळपास काही जात नाही. काही पाणी तर हजारो वर्षांपूर्वीचं आहे.

भूजलवेडा:
अच्छा म्हणजे वर काही सांडलं तरी खालचं पाणी सेफ?

दगडूशेठ:
छे! तिथल्या लॅबच्या पॉवर प्लान्टच्या कूलिंग टॉवरमध्ये गंज चढू नये म्हणून १९५६ ते १९७२ क्रोमेट (क्रोमियमचं संयुग) वापरायचे आणि ते पाणी सँडिया कॅन्यनमध्ये सोडायचे. २००५ च्या सुमाराला खोल विहिरीत हेक्साव्हॅलन्ट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) सापडलं, राज्याच्या लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपेक्षा कितीतरी पट. आणि सापडलं कुठं तर शेजारच्या मॉर्टनडॅड कॅन्यनखाली! पाणी सरळ खाली उतरलंच नाही, बसाल्ट आणि पुयेच्या थरांवर अडकत आडवं सरकलं आणि मग खाली गेलं. अडकलेलं असं पाणी अजूनही मुख्य साठ्याच्या वर अधांतरी आहे, त्यामुळे विहिरीला पाणी लागलं की तोच मेन अॅक्विफर (भूजलाचा मुख्य साठा) असं धरून चालत नाही.

कॅन्यनकर:
+१. ते दूषित पाणी पंप करून, शुद्ध करून परत जमिनीत सोडायचं काम चाललेलं, तर २०२३ मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने आत सोडणं थांबवायला लावलं, त्या दाबाने प्लूम (दूषित पाण्याचा पट्टा) पुढे ढकलला जातोय म्हणून. २०२४ मध्ये मर्यादित प्रमाणात परत सुरू झालं. माझ्या मते मूळ लोचा हाच की दोन विहिरींच्या मधे थर कसे वळलेत ते कुणालाच दिसत नाही, आणि इतक्या खोल नवी विहीर मारायची म्हणजे प्रचंड खर्च.

भूजलवेडा:
समजलं. पुयेच्या थरांचा आडवा छेद कुणाकडे असेल तर टाका ना इथं, तोतावीसकट.